नेमेसियाची ठेव

नेमेसिया आयाविरी हट्टी होती. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायची रीत असल्यामुळे आमच्या सांता रुफिनात आता सगळे तिला सोशिक म्हणतात, देवमाणूस म्हणतात. तिच्याबरोबर एका चुलीवर स्वयंपाक केलेलं माणूस यातलं काही म्हणणार नाही. ती सुपात मीठ जास्त घालायची, आणि सांगायला गेलं की आणखी एक चिमूट टाकायची. चर्चमध्ये बेसूर गायची, तेही सगळ्यांच्या वरच्या पट्टीत. एखादी गोष्ट तिच्या डोक्यात बसली की ती काढायला सुरुंगच लावावा लागला असता.

मी फोर्तुनाता. नावाचा अर्थ भाग्यवान, म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. आमच्या डोंगरात तर खरोखर कथीलच निघतं. खाणीच्या आवाराला लागून माझी खानावळ आहे. नवरा गेल्यावर नेमेसिया माझ्या मागच्या खोलीत राहायला आली ती कायमची. तिचा मुलगा रेनाल्दो, त्याच्या बाप्तिस्म्याला मी त्याला हातांवर घेतलं होतं, तेव्हा मी त्याची धर्ममाय. त्यामुळे ती मला जन्मभर ‘कोमाद्रे’ म्हणाली आणि मी तिला. सख्ख्या बहिणी जितक्या भांडत नाहीत तितक्या आम्ही भांडलो.

तिचा नवरा आमच्याकडचे बहुतेक नवरे जातात तसाच गेला, छातीत खाणीची धूळ बसून. अशा बाईला सहकारी संस्था एक हक्क देते. खाणीतून बाहेर फेकलेल्या दगडांच्या ढिगावर बसायचं, हातोडीनं एकेक दगड फोडायचा आणि कथलाचा काळा दाणा दिसला तर वेचायचा. ऊन, गारठा, वारा सगळं अंगावर. नेमेसियाच्या उजव्या अंगठ्याला नख राहिलंच नव्हतं.

ढीग बायकांचा, खाण पुरुषांची. डोंगराच्या पोटात जो बसलेला आहे त्याला आम्ही काका म्हणतो. प्रत्येक बोगद्यात त्याची शिंगंवाली मातीची मूर्ती असते. मंगळवारी आणि शुक्रवारी तिच्या तोंडात विडी, पायाशी चघळायची कोकाची पानं, अंगावर दारू. काका खूश असला तर दगडातली कथलाची शीर दाखवतो. आणि शीर ही बाई आहे, मत्सरी आहे. दुसरी बाई आत आली की ती रुसून दगडात नाहीशी होते. म्हणून बाईनं बोगद्यात पाऊल टाकायचं नाही. टाकलंच, तर काम बंद. ओझी वाहणारं लोकरीचं जनावर, लामा, तो पांढरा बघून आणायचा, शुक्रवारी कापायचा, रक्त बोगद्याच्या तोंडावर शिंपायचं, मगच पुन्हा कुदळ लावायची. मी काही हसण्यावारी नेत नाही. इतकं आयुष्य खाणीच्या दारात काढलं, पण मीही कधी त्या उंबऱ्यापलीकडे गेले नव्हते.

रेनाल्दो तेविशीत गेला. तो आणि आणखी दोघं एका नव्या फाट्यात भोकं पाडत होते. सुरुंग लावला आणि भिंतीपलीकडे समुद्रापारच्या राजाच्या काळातलं जुनं खोदकाम निघालं, पाण्यानं काठोकाठ भरलेलं. ते पाणी तिघांना घेऊन गेलं. आमचा डोंगर शेकडो वर्षं पोखरलाय. कुणी, कुठं, किती खोल पोखरला, कुणालाच ठाऊक नाही. जे खोदत होते ते मेले, आणि खोदवून घेणारे चांदी घेऊन समुद्रापार गेले.

त्या अपघातानंतर शहरातल्या विद्यापीठातून इबान्येस नावाचे प्राध्यापक आले होते, चार-पाच विद्यार्थी घेऊन. बोगद्याच्या तोंडाशी मोजमाप केलं आणि माझ्याकडे शेंगदाण्याचं सूप प्यायला बसले. नेमेसिया काळ्या झग्यात त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता रडणार. रडली नाही.

“डोंगराच्या आत काय आहे, हे ठाऊक असणं हे काम कुणाचं?” तिनं विचारलं.

“भूशास्त्र शिकलेल्यांचं, बाई,” ते म्हणाले.

“तुमच्याकडं ते शिकतात त्यात आमच्या वस्तीतली पोरं किती?”

त्यांनी चमचा खाली ठेवला. “एकही नाही,” म्हणाले.

“आत जाणारी सगळी आमची, आणि आत काय आहे ते शिकणारं एकही नाही,” ती म्हणाली, आणि भांडी घासायला निघून गेली. त्या माणसाला पुढे सूप गेलं नाही. मला त्याची कीव आली, त्यानं काही वाईट केलं नव्हतं.

रेनाल्दोच्या मरणाची भरपाई मिळाली तेव्हा सगळी वस्ती वाट बघत बसली. आमच्याकडे असल्या पैशाची वाट ठरलेली आहे. मोठं क्रियाकर्म, बँड, मक्याच्या दारूची पिंपं, आणि पुढच्या कार्निव्हलचं यजमानपद. खाणीचा पैसा काकाचा. तो हातात आला की नाचून, पिऊन, वाटून उडवायचा. साठवला तर काका ओळखतो. पुरलेला पैसा तर त्याहून वाईट. जमिनीत पुरलेल्या हंड्याला अमावास्येला निळी ज्योत दिसते आणि तो जीव मागतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

नेमेसियानं पोराला साधी पेटी केली, पाद्र्याला बोलावलं, आलेल्यांना कॉफी आणि पाव दिला. बस. मग बसमध्ये बसून शहरात गेली आणि इबान्येसना घेऊन बँकेत. तिथं तिनं सगळी रक्कम ठेव म्हणून ठेवली. मुद्दलाला कधी हात लावायचा नाही. येणाऱ्या व्याजावर सांता रुफिनातलं एक मूल भूशास्त्र शिकायला शहरात ठेवायचं. त्याचं भाडं, जेवण, पुस्तकं, बूट. ते शिकून झालं की दुसरं. असं चालत राहायचं, ती मेल्यावरही. सह्या तिघांच्या, तिची, प्राध्यापकांची आणि माझी. मी सही केली ती कुरकुरत केली, आणि माझी सही बघून बँकेतल्या पोरीनं तोंड फिरवून हसून घेतलं.

नुसत्या भरपाईचं व्याज पुरत नव्हतं. ढिगावरच्या आम्हा बायकांची एक भिशी होती. नेमेसियानं आपला हप्ता ठेवीत घातला, मग दुसरीला गळ घातली, तिसरीला. प्रत्येकीचं कुणी ना कुणी डोंगरानं खाल्लेलं होतं, त्यामुळे नाही म्हणताना बायकांना जड जायचं. ही लाज तिनं पुरेपूर वापरली. माझ्या हप्त्याच्या पैशातून मी नवं चुलाण बांधणार होते. ते राहिलं.

पुरुषांना ही ठेव पहिल्या दिवसापासून आवडली नाही. “पैसा पडून राहतो आणि पिल्लं घालतो, हे माणसाचं काम नव्हे,” असं कासियानो युक्रा माझ्याच खानावळीत बसून म्हणाला. कासियानो म्हणजे सान बार्तोलो बोगद्याच्या टोळीचा मुकादम. आडमाप, शूर, आणि अकलेच्या बाबतीत त्याच्या पाठीवरच्या पोत्याइतका. पुढं त्याच वर्षी एकाचा दोर तुटला, आणि एक म्हातारा वायूत गुदमरला. असे अपघात आमच्याकडे दरवर्षीचेच आहेत. पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली. बँकेतली ठेव म्हणजे पुरलेला हंडा, आणि तो जीव घेतोय, असं ठरून गेलं. मेलेल्या म्हाताऱ्याच्या सुनेनं आमच्या दारात येऊन नेमेसियाला विचारलं की अजून किती पाहिजेत. भिशीतल्या निम्म्या बायका बाहेर पडल्या. ढिगावरची चांगली जागा काढून घेऊन संस्थेनं नेमेसियाला पार टोकाला बसवलं, जिथं दगडांत शोधूनही काही सापडत नाही. ती रोज तिकडे चालत जायची. “हवा चांगली आहे,” म्हणायची.

आता ठेव आहे, व्याज आहे, आणि मूल कुठाय? कुणी मुलगा देईना. ज्या पैशानं जीव घेतले त्याच्या घशात आपला मुलगा कोण घालणार? शेवटी कासियानोच म्हणाला, माझी पोरगी न्या. त्याची रोक्साना अभ्यासात हुशार होती, आणि घरात तिच्या शिक्षणाला दमडी नव्हती. त्यानं हे चारचौघांत म्हटलं आणि वर डोळा मारला. मुलगा वाचला, मुलगी फुकटात शिकली, सुंठीवाचून खोकला गेला. नेमेसियानं त्याचे हात धरून आभार मानले. मी असते तर सूप ओतलं असतं अंगावर.

अशी रोक्साना गेली. सुट्टीत यायची तेव्हा नेमेसिया तिला खोलीत बसवून काय काय शिकवलं ते विचारायची, आणि पोरगी सांगायची, दगडांचे थर कसे वाकतात, पाणी कुठून वाट काढतं. नेमेसियाला त्यातलं फारसं कळत नसावं. ती पोरीच्या पायांकडे बघायची. बूट धड आहेत ना, एवढंच.

शेवटच्या वर्षी रोक्साना प्रबंधाच्या कामाला आमचाच डोंगर घेऊन आली. आणि तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं की हिला आत जाता येत नाही. मुलगा द्यायचा नाही म्हणून मुलगी दिली, आणि मुलगी म्हणून तिला बोगदा बंद. मी हसले होते त्या दिवशी.

मग ती डोंगराच्या वरून काम करायला लागली. सान बार्तोलोच्या वरच्या अंगाला गवतात एक भेग होती, आम्ही सगळे लहानपणापासून तिच्यावरून उड्या मारायचो. पोरीनं भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि रोज त्यांच्यातलं अंतर मोजलं. अंतर वाढत होतं. आधी हळूहळू, मग भराभर. वरचा डोंगर सान बार्तोलोच्या पोकळीवर बसत चालला होता.

तो ऑगस्ट होता. ऑगस्टात धरणीमातेचं तोंड उघडं असतं म्हणतात, आणि कथलाचा भाव त्या साली कधी नव्हे इतका चढलेला. टोळ्या दोन-दोन पाळ्या करत होत्या. अशा वेळी पोरगी संस्थेच्या सभेत उभी राहिली आणि म्हणाली, सान बार्तोलो बंद करा. नकाशा भिंतीवर लावून तिनं सगळं नीट समजावलं. मी मागं कॉफी वाटत होते. पालथ्या घड्यावर पाणी.

तिचा बापच उठला. “तू किती वेळा आत गेलीयस गं?”

“तुम्ही जाऊ देत नाही, बाबा.”

“म्हणजे न जाता सांगतेस. मी एकोणीस वर्षांचा होतो तेव्हापासून आत आहे. छप्पर बोलतं, ते मला कळतं.” सगळे हसले. मग तो म्हणाला की हे त्या म्हातारीच्या पैशाचं शिक्षण आहे. ठेवीला भूक लागलीय, म्हणून ती आता धंद्याच्या मुळावर उठलीय.

रोक्साना रात्रीच्या बसनं शहरात गेली. खाणखात्याचा अधिकारी आणला तर तो बोगदा सील करू शकतो, इबान्येस बरोबर असले तर तो येईलही. पण अधिकारी म्हणजे काही बोलावलं की येणारं माणूस नव्हे. त्याला दोन दिवस लागोत की दहा, आणि टोळी तर सकाळी आत जाणार.

सकाळी मी उठले तर नेमेसियाचं अंथरूण घडी केलेलं. मला वाटलं ढिगावर गेली असेल. थोड्या वेळानं आवारात आरडाओरडा ऐकू आला. पाळीची माणसं सान बार्तोलोच्या तोंडाशी उभी, आणि नेमेसिया आत, काकाच्या मूर्तीच्या पलीकडे, खोक्यावर बसलेली. झगा नीट पसरून, डोक्यावर टोपी, मांडीवर भाकरीचं गाठोडं. बाई आत आली म्हणजे काम बंद. दुसरा कुठला उपाय तिच्यापाशी नव्हता, आणि हा एक उपाय आमच्याशिवाय जगात कुणावर चालला नसता.

कासियानोनं तिला उचलून बाहेर आणलं, अक्षरशः पोत्यासारखं. तिनं त्याच्या कानाला चावा घेतला. पण व्हायचं ते झालंच होतं. लामा आणावा लागला, शुक्रवारपर्यंत थांबावं लागलं. चढ्या भावाच्या दिवसांत सगळी टोळी हात बांधून आवारात बसली, आणि एकेकजण आमच्या दारावरून जाताना थुंकून गेला. लामाचे पैसे आणि बुडालेली मजुरी तिनं भरावी असा ठराव झाला. तिच्याकडे ठेवीशिवाय होतं काय? तेव्हा ठेव मोडा म्हणाले. ती नाही म्हणाली. शुक्रवारी रक्त शिंपलं, शनिवारी टोळी कामाला लागली, आणि सोमवारी पहाटे बाई पुन्हा आत.

या वेळी तिला कुणी ओढायला गेलं नाही. नुसता आणखी एक लामा आणि आणखी एक आठवडा वाया. ओढून काय साधणार? कासियानो तोंडाशी उभा राहून म्हणाला, “ठीक आहे म्हातारे. माझी पोरगी अधिकाऱ्याला आणतेय ना? येऊ दे त्याला. तो म्हणाला बोगदा धड आहे, तर तू ठेव मोडायच्या कागदावर सही करायचीस. टोळीची मजुरी, दोन्ही लामा, आणि उरेल त्याचा कार्निव्हल.”

आतून आवाज आला, “करीन.”

“चारचौघांत म्हणतेयस.”

“करीन म्हटलं ना. पण तो येईस्तोवर मी इथनं हलणार नाही, आणि तुम्ही आत यायचं नाही.”

पोराच्या नावची ती ठेव, तिच्यासाठी या बाईनं वर्षानुवर्षं शिव्या खाल्ल्या, आणि आता ती तिनं खुंट्यांमधल्या बोटभर अंतरावर पणाला लावली होती.

दुपारी मी सूप घेऊन गेले. पुरुष आवाराच्या टोकाला पत्ते खेळत होते. मी उंबऱ्याशी थांबले आणि हाक मारली. ती कंदील घेऊन अलीकडे आली, गुडघे धरत, ओल लागून आखडली होती.

“चल बाहेर. तुझं वय काय आणि हे काय मांडलंयस,” मी म्हटलं.

“मीठ घातलंस का नीट?”

“बाहेर येऊन पी, मग सांगते.”

“तिथंच ठेव. तू आत येऊ नकोस, उगाच तिसरा लामा.” तिनं वाकून भांडं ओढून घेतलं आणि तिथंच भिंतीला टेकून प्यायला लागली. वरून बारीक माती पडत होती, तिनं भांड्यावर हात धरला. मी ते बघितलं.

“कोमाद्रे, डोंगर खरंच बसला तर?”

“तर पोरगी पास झाली.”

“आणि नाही बसला तर?”

“तर मी येडी म्हातारी. ठेव गेली, लोक नाचतील, पितील. त्यातही कुणी मरत नाही.”

“तू मरशील ना गं, बये.”

“मी एकटी आहे आत. ते किती असतात?” मग भांडं खाली ठेवून म्हणाली, “रेनाल्दोच्या वेळी मी ढिगावर बसले होते. पाण्याचा आवाज आला तर मला वाटलं, कुणीतरी पिंप ओततंय. मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.”

मी तिचा हात धरून ओढला. खरोखर ओढला, माझ्या अंगात ताकद आहे. तिनं दुसऱ्या हातानं आधाराचा खांब धरला आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की माझी पकड सुटली. मी रडत परत आले आणि रस्त्यात पत्ते खेळणाऱ्यांना तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. मला घाबरतात ते. सगळ्यांची उधारी आहे माझ्याकडे.

मंगळवारी तसंच. काकाला दारू द्यायचा वार, पण आत बाई म्हणून ती उंबऱ्यावरच ओतली. बुधवारी मी बटाटे सोलत होते आणि भांडी वाजायला लागली, फळीवरची सगळी एकदम. आवाज मोठा झालाच नाही. सान बार्तोलोच्या तोंडातून धूळ बाहेर आली, पिठाचं पोतं फुटावं तशी, आणि येतच राहिली. मी धावले तेव्हा सगळी टोळी आवारात उभी होती, हातात पत्ते तसेच. एकूण एक माणूस. मी वेड्यासारखी त्यांची तोंडं बघत सुटले, जणू त्यांच्यातच ती कुठं उभी असेल.

पहिला आत घुसला तो कासियानो. मग बाकीचे. दगड हातोहात बाहेर येत होते, काकाची मूर्ती निघाली, तिची शिंगं तुटलेली. त्यापुढं नुसता डोंगर. आणि वरून पडतच होतं. संध्याकाळी गाडी आली. रोक्साना उतरली, मागं इबान्येस आणि हातात सीलचे कागद घेतलेला अधिकारी. पोरीनं वर भेगेकडं बघितलं, मग बोगद्याकडं, आणि सरळ तोंडाशी जाऊन सगळ्यांना बाहेर या म्हणाली. कुणी ऐकेना. तेव्हा ती आत गेली. खाणीतल्या माणसांमध्ये, बाई, आणि कुणी तिला अडवलं नाही. आता कोणती शीर रुसायची राहिली होती?

“बाबा, वर अजून लोंबतंय,” ती म्हणाली. “तुम्हीही गेलात तर नेमेसियामावशी आत फुकट बसली.”

कासियानोच्या बोटांची नखं निघाली होती. तो बाहेर आला, आणि त्याच्यामागून सगळे. त्या रात्री उरलेलं छप्परही खाली आलं. नेमेसिया तिथंच आहे. कबरीत आम्ही तिची रविवारची टोपी पुरली.

हे सगळं इतकं स्पष्ट आहे की आंधळ्यालाही दिसावं. पोरीनं मोजलं, पोरीनं सांगितलं, म्हातारीनं तुम्हाला बाहेर ठेवलं, म्हणून तुम्ही जिवंत आहात. मी हे नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला घशाच्या शिरा ताणून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, क्रूस केला, डोळे पुसले. आणि दाराबाहेर गेल्यावर त्यांनी ठरवलं ते असं: ठेवीला जीव हवा होता, इतके दिवस ती दुसऱ्यांचे घेत होती, शेवटी जिची होती तिनं स्वतःचाच दिला. आता ठेव तृप्त झाली. आता ती साधी, बिनधोक, चांगली ठेव झाली.

तेव्हापासून भिशी सोडून गेलेल्या बायका परत आल्या. मंगळवारी पुरुष काकाला दारू ओततात तेव्हा एक घोट ठेवीच्या नावानं ओततात. ज्यांनी नेमेसियाला ढिगाच्या टोकाला बसवलं तेच मला विचारायला येतात, यंदा कुणाचा नंबर, आमचा धाकटा गणितात बरा आहे. नावं येतात ती सगळी मुलग्यांची. रोक्साना दुसऱ्या खाणींवर मोजमापं करत हिंडते. ती आली की मी तिच्यापाशी संतापते. ती म्हणते, त्यांना काय वाटायचं ते वाटू दे मावशी, पोरं पाठवतायत ना. विशीतल्या पोरीत एवढा थंडपणा कुठून आला कुणास ठाऊक. मला तो जमत नाही. माझी मैत्रीण हुशारीनं मेली आणि हे तिला बोकडासारखी मेली म्हणून पूजतात.

गेल्या महिन्यात कासियानो आला, माझी गिऱ्हाइकं गेल्यावर. टोपी काढून हातात धरलेली. आता त्याला दहा पावलं चाललं की थांबावं लागतं, तीच धूळ. त्याचा धाकटा पंधरा वर्षांचा आहे, पुढच्या वर्षी खाणीत जाण्याच्या वयाचा. त्याला ठेवीवर शिकायला पाठवायचा होता. मी म्हटलं, पाठव की. तो उठेना. कोकाच्या पानांचा तोबरा या गालातून त्या गालात फिरवत बसला.

“फोर्तुनाताबाई, तुम्ही सही करता तिथं, तुम्हाला ठाऊक असेल,” तो शेवटी म्हणाला. “तिचा एक जीव किती वर्षं पुरेल? म्हणजे पोरगा शिकून बाहेर पडेस्तोवर पुरेल ना?”

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. भेग, खुंट्या, त्याची स्वतःची पोरगी, त्याची ती नसलेली नखं. मी बोलले असते तर त्यानं मान डोलावली असती, क्रूस केला असता, आणि घाबरून पोराला घेऊन गेला असता सरळ खाणीत.

“पुरेल,” मी म्हटलं. “पाठव त्याला.”